पूर्णवेळ धर्मशिक्षणाची निवड : खानदेशाच्या संदर्भात एक समीक्षा

१

सन २०१५ च्या जुलै महिन्याच्या ४ तारखेस महाराष्ट्र शासनाने शाळेपासून दूर राहिलेल्या मुलांची राज्यव्यापी पाहणी केली. त्याच सुमारास शासनाच्या वतीने असे जाहीर करण्यात आले की, ज्या मदरशांतून केवळ धर्मशिक्षण दिले जाते आणि गणित, विज्ञान, इंग्रजी यांसारखे विषय शिकविले जात नाहीत, त्या मदरशांतील मुले ‘शाळाबाह्य’ गणली जातील. अल्पसंख्याक विकास खात्याचे तत्कालीन मंत्री एकनाथ खडसे हे जळगाव जिल्ह्यातले. राज्यातील १,८९० नोंदलेल्या मदरशांपैकी ५५० मदरशांनी हे विषय शिकविण्याची तयारी दाखविली आहे, असे त्यांनी त्या वेळी सांगितले होते. या घोषणेवर जो वाद झाला, त्याचे स्वरूप अपेक्षेप्रमाणेच होते. एका पक्षाने मदरसा ही संस्था कालबाह्य ठरविली. दुसऱ्या पक्षाने शासनाच्या हेतूविषयी शंका घेतली.

या वादाची चिकित्सा करू लागले म्हणजे एक गोष्ट विशेषत्वाने नजरेत भरते. संस्था आणि शासन या दोघांविषयी पुष्कळ बोलले गेले. परंतु सात-आठ वर्षांच्या मुलास पूर्णवेळ धर्मशिक्षणासाठी पाठविण्याचा निर्णय ज्या घरात होतो, त्या घराचा विचार जवळजवळ झालाच नाही. वस्तुतः हा निर्णय म्हणजेच या प्रश्नाचे मर्म होय. तो मुलाच्या वतीने घेतला जातो, मुलाला संमती देण्याची पात्रता येण्यापूर्वी घेतला जातो, आणि त्याचे परिणाम मात्र त्या मुलालाच जन्मभर वागवावे लागतात. या निर्णयाकडे कायद्याने, शासनाने, सुधारकी विचाराने आणि ललित वाङ्मयाने कोणत्या दृष्टीने पाहिले, आणि त्या प्रत्येक दृष्टीत काय उणे राहिले, याचा शोध येथे जळगाव व धुळे या जिल्ह्यांच्या, म्हणजे जुन्या पूर्व व पश्चिम खानदेशाच्या, संदर्भात घ्यावयाचा आहे.

२

प्रथम परिभाषा निश्चित केली पाहिजे. ‘मदरसा’ हा शब्द मराठीत फार सैलपणे वापरला जातो, आणि त्यामुळे वादाचा अर्धा भाग निरर्थक होऊन बसतो. जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेर, रावेर, शिरपूर येथील मोहल्ल्यांतून जी मुले शाळेपूर्वी वा शाळेनंतर तासभर मशिदीत जाऊन कुराणाचे वाचन आणि नमाजाचे पाठ शिकतात, ती मकतबात जातात. त्यांतील बहुतेकांची नावे जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या वा खाजगी संस्थेच्या शाळेच्या पटावर असतात. मकतब शाळेची जागा घेत नाही. घरी मुंज झालेल्या मुलाने संध्या शिकावी, तसा तो प्रकार आहे. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने नोव्हेंबर २००६ मधील आपल्या अहवालात हा भेद आवर्जून दाखविला आहे. शालेय वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे ४ टक्केच पूर्णवेळ मदरशांत जातात, असा त्या अहवालाचा निष्कर्ष असून, मकतब आणि मदरसा यांची गल्लत झाल्यामुळे हे प्रमाण लोकांना अवास्तव मोठे वाटते, असेही त्यात म्हटले आहे. अर्थात् संख्या अल्प आहे म्हणून प्रश्न अल्प ठरत नाही. शेकडा चार हे गणिताच्या दृष्टीने थोडे असले तरी ती सर्व बालके आहेत, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाचे बालपण एकदाच येणार आहे.

पूर्णवेळ धर्मशिक्षणाचे दोन टप्पे आहेत, आणि तेही एकमेकांपासून वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला टप्पा हिफ्ज, म्हणजे संपूर्ण कुराण मुखोद्गत करणे, हा होय. मूल प्रथम नूरानी कायद्यासारख्या आरंभीच्या पुस्तकावरून अरबी अक्षरे आणि त्यांचे उच्चार शिकते. मग नाजिरा, म्हणजे पाहून वाचन. आणि त्यानंतर हिफ्ज. ३० पारे, ११४ सूरा आणि सहा हजारांहून अधिक आयती पाठ करावयाच्या असतात. दररोजचा नवा पाठ तो सबक आणि मागील पाठांची उजळणी तो आमूख्ता. वेदपाठशाळेतील ‘संथा’ ज्यांना माहीत आहे त्यांना ही पद्धती परकी वाटणार नाही. गुरूने म्हणावे, शिष्याने म्हणावे, चुकल्यास पुन्हा म्हणावे, आणि मागचे विसरू नये म्हणून मागचे नित्य घोकावे, हाच क्रम दोहोंकडे आहे. पहाटेच्या नमाजापासून रात्रीच्या नमाजापर्यंतचा दिवस या क्रमात जातो. अर्थाचे ज्ञान या टप्प्यावर अभिप्रेत नसते. मूल सातव्या-आठव्या वर्षी आरंभ करते, आणि सामान्य बुद्धीच्या मुलास तीन-चार वर्षे पुरतात.

दुसरा टप्पा आलिमीचा. मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू १७४८) यांनी लखनौच्या फिरंगी महलात ज्याची घडण केली आणि १८६६ साली स्थापन झालेल्या देवबंदच्या दारुल उलूमने ज्यात फेरबदल करून प्रसार केला, तो दर्से निजामी हा या टप्प्याचा अभ्यासक्रम होय. अरबी व्याकरण, तर्क, धर्मशास्त्र, हदीस आणि कुराणाचे भाष्य असे त्याचे विषय. त्याला सुमारे आठ वर्षे लागतात. पहिला टप्पा बालकाचा आहे, दुसरा किशोराचा. लोकव्यवहारात मात्र दोन्ही टप्पे एकाच ‘मदरशात घातले’ या शब्दप्रयोगात लुप्त होतात. या लोपाचा परिणाम किती खोल आहे हे पुढे दिसून येईल.

३

पालक हा निर्णय का घेतात? केवळ दारिद्र्य किंवा केवळ श्रद्धा हे याचे प्रचलित उत्तर आहे. दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. श्रद्धेचा भाग खराच आहे. मूल हाफिज झाले म्हणजे परलोकी आईबापांचा सन्मान होतो ही भावना परंपरेत दृढ आहे. आणि रमजान महिन्यात तरावीहच्या नमाजात जो मुलगा उभा राहून कुराण म्हणतो, त्याच्या घराची प्रतिष्ठा मोहल्ल्यात त्याच दिवसापासून वाढते. ज्या पित्याला समाजाने दुसरा कोणताही मान दिलेला नाही, त्याच्या दृष्टीने हा लाभ क्षुल्लक नाही. चार मुलांपैकी एक तरी धर्माच्या वाटेवर द्यावा, हा संकल्पही अनेक घरांतून आढळतो. आपला एक मुलगा महानुभाव मठात देणारे किंवा आळंदीस पाठविणारे कुटुंब याहून फार निराळ्या भूमिकेवर उभे असते, असे म्हणता येणार नाही.

परंतु श्रद्धेच्या जोडीला व्यवहार असतो. मदरशाच्या वसतिगृहात जेवण, राहणे आणि शिकवणे बहुधा विनामूल्य असते. धुळ्याच्या यंत्रमागांवर दोन पाळ्यांत राबणारा बाप, हातगाडीवर फळे विकणारा बागवान, किंवा हंगामापुरते गाव सोडणारा मजूर, यांना मुलाच्या पोटाची आणि देखरेखीची चिंता एकदम मिटविणारी दुसरी संस्था सहसा जवळ नसते. शासकीय आश्रमशाळांची योजना आदिवासी मुलांसाठी आहे. शहरी श्रमिकाच्या मुलासाठी तशी व्यवस्था सहज उपलब्ध नाही. बाजारात मूल बिघडेल, वाईट संगतीला लागेल, ही भीतीही या निर्णयामागे असते, आणि ती निराधार असते असे नाही. ज्यांना सामान्य शाळेचा खर्च झेपत नाही अथवा ज्यांच्या वस्तीजवळ शाळाच नाही, त्यांचा मदरसा हा पुष्कळदा शेवटचा आसरा असतो, असा अभिप्राय सच्चर समितीनेही दिला आहे.

खानदेशात भाषेचा प्रश्न या व्यवहारात आणखी एक गाठ निर्माण करतो. शहरांतील मुसलमानांची बोली दखनी वळणाची उर्दू असली, तरी यावल, रावेर, चोपडे या तालुक्यांतील सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारा तडवी भिल्ल समाज धर्माने मुसलमान आणि बोलीने भिल्ली व खानदेशी वळणाचा आहे. त्या घरातील मूल मदरशात गेले म्हणजे त्याला उर्दू ही माध्यमाची आणि अरबी ही पाठाची, अशा दोन नव्या भाषांना एकाच वेळी सामोरे जावे लागते. गावच्या मराठी शाळेत जे थोडेफार अक्षरज्ञान त्याने मिळविले असेल, ते दोन-तीन वर्षांत पुसून जाते. तालुक्याची कचेरी, बँक, दवाखाना, सातबारा यांची भाषा मराठी आहे. हा तोटा पुढे वयात आल्यावर त्याला जाणवतो. निर्णयाच्या वेळी तो कोणाच्याच हिशेबात नसतो.

या पार्श्वभूमीवर अक्कलकुव्याच्या जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम या संस्थेचा विचार अवश्य ठरतो. अक्कलकुवा हे धुळे जिल्ह्यातले गाव. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते त्यात गेले. मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी (१९५०–२०२५) यांनी १९७९-८० च्या सुमारास या आदिवासीबहुल भागात एका लहान मकतबापासून आरंभ केला, आणि पुढे तेथे हिफ्ज व आलिमीच्या वर्गांबरोबरच शाळा, औद्योगिक प्रशिक्षण, औषधनिर्माणशास्त्र आणि युनानी वैद्यक यांची महाविद्यालये उभी राहिली. जानेवारी २०११ मध्ये देवबंदच्या दारुल उलूमच्या मोहतमिमपदी त्यांची निवड झाली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये, गुजरातविषयीच्या त्यांच्या उद्गारांवरून उठलेल्या वादानंतर, त्यांना दूर करण्यात आले. त्या वादाच्या गुणदोषांत येथे शिरण्याचे कारण नाही. धर्मशिक्षण आणि लौकिक शिक्षण एकत्र नांदू शकतात, याचे उदाहरण म्हणून अक्कलकुव्याचा निर्देश वारंवार केला जातो, एवढे येथे पुरे.

हे उदाहरण मोलाचे आहे. तथापि त्याची तपासणी नेमक्या प्रश्नाने केली पाहिजे. एका आवारात दोन दरवाजे असणे ही एक गोष्ट, आणि एका दरवाजाने आत गेलेल्यास दुसऱ्यात प्रवेश मिळणे ही दुसरी गोष्ट. औषधनिर्माणशास्त्राच्या प्रवेशाला विज्ञान शाखेची बारावी लागते. युनानी वैद्यकासाठी मदरशाची पात्रता धरून प्री-तिब हा एक वर्षाचा पूर्वाभ्यास नियमांत आलेला आहे, पण तो अपवाद होय. म्हणून हिफ्ज करणाऱ्या मुलाला त्याच वर्षांत गणित आणि भाषा मिळते काय, आणि तो दहावीच्या परीक्षेपर्यंत पोहोचतो काय, यावरच अशा संस्थेच्या एकत्रीकरणाचे मूल्य ठरते. भव्य इमारती आणि महाविद्यालयांची यादी हा त्याचा पुरावा नव्हे.

४

आता कायद्याची दृष्टी. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ अन्वये ६ ते १४ वयाच्या बालकाला शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. २००९ चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात असे स्पष्ट करण्यात आले की, मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यतः धर्मशिक्षण देणाऱ्या संस्था यांना हा कायदा लागू नाही. कायदेकर्त्यांनी मदरसा आणि वैदिक पाठशाळा यांचा एकत्र उल्लेख केला, हे न्याय्यच झाले. एका धर्मास एक माप आणि दुसऱ्यास दुसरे, असा आक्षेप त्यामुळे राहिला नाही. परंतु या दुरुस्तीने एक तार्किक फट निर्माण केली. कायद्याने संस्थेला मुक्त केले. बालकाला त्याने मुक्त केले काय? घटनेचा हक्क संस्थेचा नसून बालकाचा आहे. संस्था कायद्याच्या कक्षेबाहेर आहे म्हणून तिच्यातील बालक हक्काच्या कक्षेबाहेर गेले, असा अर्थ केल्यास ज्याच्यासाठी हक्क निर्माण झाला तोच त्यातून वगळला जातो. अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था चालविण्याचा कलम ३० चा अधिकार निःसंशय मोठा आहे. तथापि संस्था चालविण्याचा अधिकार आणि बालकाचा शिकण्याचा अधिकार हे दोन भिन्न व्यक्तींचे अधिकार आहेत, आणि एकाने दुसऱ्याचे निरसन होत नाही.

शासनाने २०१५ मध्ये योजलेला ‘शाळाबाह्य’ हा शब्द ही फट बुजविण्याचा एक प्रयत्न होता. त्या शब्दाची सदोषता अशी की, तो मुलाचे स्थान सांगतो, त्याची अवस्था सांगत नाही. वीटभट्टीवर काम करणारे मूल, ऊसतोडीला गेलेल्या मजुराचे मूल आणि रोज अर्धा पारा म्हणून दाखविणारे मूल ही तिन्ही त्या शब्दात एकरूप होतात. शेवटच्या मुलाच्या दिवसात शिस्त आहे, परिश्रम आहेत, स्मरणशक्तीची असामान्य जोपासना आहे. त्याला अशिक्षित म्हणणे हे त्याच्या घराला अपमानास्पद वाटल्यास नवल नाही. आणि अपमान झालेले घर ऐकण्याच्या मनःस्थितीत राहत नाही. उलट बाजूने हेही मान्य केले पाहिजे की, ज्या अकरा वर्षांच्या मुलास भागाकार येत नाही आणि राज्याच्या भाषेतील अर्ज वाचता येत नाही, त्याच्या बाबतीत शासनाची चिंता सर्वस्वी खोटी नव्हती. शब्द चुकला, पण शब्दाने दाखविलेली उणीव खरी होती.

शासनाच्या दुसऱ्या प्रयत्नाची दिशा अधिक योग्य होती. डॉ. झाकिर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेखाली मदरशांत लौकिक विषय शिकविणाऱ्या शिक्षकांना मानधन दिले जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये डी.एड. शिक्षकांचे मानधन ६,००० रुपयांवरून १६,००० आणि बी.एड. शिक्षकांचे ८,००० रुपयांवरून १८,००० करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. पूर्वीच्या मानधनात प्रशिक्षित शिक्षक टिकणे कठीण होते, हे सांगण्यास वेगळ्या पुराव्याची गरज नाही. परंतु या योजनेचे यशही अखेर मानधनाच्या आकड्यावरून मोजता येणार नाही. किती मुले त्या शिक्षकाच्या हाताखालून सार्वजनिक परीक्षेपर्यंत गेली, हेच तिचे माप होय.

शासनाच्या दृष्टीतील तिसरा प्रकार संशयाचा. ३० मे २०२३ रोजी दानापूर–पुणे एक्स्प्रेसमधून प्रवास करणारी बिहारमधील ५९ मुले रेल्वे पोलिसांनी भुसावळ आणि मनमाड या स्थानकांवर उतरवून घेतली. ती सांगलीकडील मदरशात शिकण्यासाठी निघाली होती. बालकांच्या अवैध व्यापाराचा गुन्हा नोंदविला गेला, बरोबरच्या पाच जणांना अटक झाली, आणि मुलांना नाशिक व जळगाव येथील बालगृहांत काही दिवस काढावे लागले. पुढे २०२४ मध्ये, गैरसमजातून गुन्हा नोंदविला गेला असे नमूद करून पोलिसांनी ही प्रकरणे बंद केली. या घटनेतून दोन निष्कर्ष निघतात, आणि ते दोन्ही एकत्र ध्यानात ठेवले पाहिजेत. निरपराध शिक्षकांना कारावास आणि मुलांना आईबापांपासून तुटलेले दिवस भोगावे लागले, हा अन्याय होय. त्याचबरोबर, आठ-दहा वर्षांची मुले हजार मैलांवर शिकावयास जातात, त्यांच्याजवळ पालकांची लेखी संमती, ओळखीची कागदपत्रे, कोणत्या संस्थेत कोणत्या वर्गात जावयाचे याची नोंद यांची सुव्यवस्था असणे हे त्यांच्याच संरक्षणासाठी आवश्यक आहे. निवड प्रामाणिक असली तरी तिची नोंद नसेल, तर ती निवड आहे हे सिद्ध करण्याचा भार बालकावर पडतो.

५

कायदा आणि शासन यांच्या दृष्टीत पालकाला आवाज नाही, हे वरील विवेचनावरून दिसले. विचारप्रधान आणि ललित वाङ्मयाकडून याहून अधिक अपेक्षा करणे योग्य आहे. मराठीत या क्षेत्रातील अग्रमान हमीद दलवाई (१९३२–१९७७) यांचा. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना करणाऱ्या दलवाईंनी मुस्लिम समाजाचे आधुनिकीकरण हा आपल्या चिंतनाचा केंद्रबिंदू मानला आणि मुसलमान मुलांनी प्रादेशिक भाषेतून शिकावे असा आग्रह धरला. खानदेशातील तडवी मुलाचे उदाहरण पाहता हा आग्रह आजही किती सार्थ आहे हे कळून येते. तथापि त्यांच्या वैचारिक लेखनाचा रोख धर्मनेतृत्वावर आहे. त्यात सामान्य पालक बहुधा त्या नेतृत्वाच्या प्रभावाखालील जनसमूहाचा घटक म्हणून येतो. खर्चाचा, पाळ्यांचा, पोरांच्या पोटाचा हिशेब करून निर्णय घेणारा बाप त्या तात्त्विक मांडणीत मावत नाही. कादंबरीकार दलवाईंना माणसाच्या अंतरंगातील गुंतागुंत अवगत होती, याची साक्ष ‘इंधन’ (१९६५) देते. परंतु ती गुंतागुंत त्यांच्या शिक्षणविषयक विचारात पुरेशी उतरलेली नाही. ही त्यांच्या धैर्याची उणीव नव्हे, चळवळीच्या गद्याची मर्यादा होय. ज्यास समाज हलवावयाचा असतो, त्याला प्रत्येक उंबरठ्यावर थांबता येत नाही.

ही उणीव अन्य भाषांतील दोन कृतींशी ताडून पाहिली असता अधिक स्पष्ट होते. पहिली कृती म्हणजे इजिप्तचे ताहा हुसेन (१८८९–१९७३) यांचे ‘अल्-अय्याम’ हे आत्मचरित्र. बालपणीच अंध झालेल्या या लेखकाला गावच्या कुत्ताबात कुराण पाठ करण्यासाठी घालण्यात आले. नववे वर्ष पुरे होण्यापूर्वी तो हाफिज झाला, घरचे त्याला शेख म्हणू लागले. आणि थोड्याच काळाने पित्याने परीक्षा घेतली तेव्हा तो सारे विसरून गेला असल्याचे उघडकीस आले. त्या बालकाची लज्जा, पित्याचा अपेक्षाभंग आणि गुरूची लटपट यांचे चित्रण लेखकाने कटुतेशिवाय, किंचित् मिस्किलपणे केले आहे. महत्त्वाची गोष्ट ही की, कुत्ताबाचे दोष इतक्या निर्ममतेने दाखविणाऱ्या या लेखकाच्या अरबी गद्याला पाठांतरातून आलेला नाद आहे. ज्या पद्धतीवर तो टीका करतो, तिचे ऋण त्याच्या शैलीत उमटलेले आहे. ताहा हुसेन पुढे अल्-अझहर, कैरो विद्यापीठ आणि पॅरिस असा प्रवास करून १९५० मध्ये इजिप्तचे शिक्षणमंत्री झाले. त्यांचे उदाहरण देऊन कुत्ताबाचे समर्थन करणे जितके चूक, तितकेच ते देऊन कुत्ताबाला निरुपयोगी ठरविणेही चूक. त्यांना पुढची वाट मिळाली, हा त्या चरित्राचा खरा अर्थ आहे.

दुसरी कृती सेनेगलचे शेख हमिदू कान यांची १९६१ मध्ये फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झालेली ‘लाव्हांत्यूर आंबिग्यू’ ही कादंबरी. साम्बा दियालो हा बालक कुराणाच्या गुरूजवळ शिकत आहे; एक शब्द चुकला तरी कठोर शासन होते. याच मुलाला परकीयांच्या नव्या शाळेत घालावे की न घालावे, याचा विचार जमातीचा प्रमुख, त्याची करारी बहीण, गुरू आणि पिता करतात. नव्या शाळेत मुले जे शिकतील त्याचे मोल, ती जे विसरतील त्याच्या बरोबरीचे आहे काय, हा त्यांच्यापुढचा पेच आहे. येथे खानदेशातील प्रश्न उलट दिशेने मांडलेला दिसतो, पण पेच एकच. प्रत्येक शिक्षण काहीतरी देते आणि काहीतरी काढून घेते. आणि दोन्ही बाजूंचा जमाखर्च मांडल्यावाचून निवड केली तर ती निवड नव्हे. कादंबरीचा शेवट शोकात्म आहे. तरीही त्या निर्णयात भाग घेणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला लेखकाने सन्मानपूर्वक बोलू दिले आहे. मदरशाविषयीच्या मराठी चर्चेत नेमका हाच गुण दुर्मीळ आहे. तेथे अभियोग आहे, बचाव आहे. पण घरातला संवाद नाही.

६

वरील सर्व दृष्टींचे परीक्षण केल्यावर या निर्णयाची कसोटी कोणती असावी, हे ठरविता येते. शिक्षण धार्मिक आहे की लौकिक, हा त्या कसोटीचा आधार होऊ शकत नाही. कारण धर्मशिक्षण देण्याचा पालकाचा अधिकार घटनेने मान्य केलेल्या धर्मस्वातंत्र्यातून येतो, आणि पाठांतराने मुलाचे नुकसानच होते असे मानण्यास आधार नाही. कसोटी परतीच्या वाटेची असावी. जे मूल आपली संमती देऊ शकत नव्हते, त्याला समज आल्यावर दुसरी दिशा धरावीशी वाटली, तर ती धरण्याची शक्यता निर्णय घेताना राखून ठेवली होती काय? या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तर निवड समर्थनीय. नकारार्थी असेल तर हेतू कितीही पवित्र असला तरी निवड सदोष.

या कसोटीने पाहिले असता आरंभी सांगितलेल्या दोन टप्प्यांचा भेद निर्णायक ठरतो. सातव्या वर्षी हिफ्ज सुरू करणारे मूल दहाव्या-अकराव्या वर्षी ते पूर्ण करते. त्या वेळी ते ६ ते १४ या वयोमर्यादेच्या आत असते. २००९ च्या कायद्याचे कलम ४ असे सांगते की, शाळेत कधी न गेलेल्या वा मधूनच शाळा सोडलेल्या मुलास त्याच्या वयानुरूप वर्गात घ्यावे आणि इतरांच्या बरोबरीस येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे. याचा अर्थ, हाफिज झालेल्या अकरा वर्षांच्या मुलास पाचवी-सहावीत बसण्याचा हक्क आहे. परंतु तेच मूल हिफ्ज संपताच आठ वर्षांच्या आलिमीत गेले, तर बाहेर पडताना त्याचे वय एकोणीस होते. बालहक्काची मुदत पाच वर्षांपूर्वी संपलेली असते. मग उरतात ते बाहेरून दहावीस बसण्याचा १७ नंबरचा फॉर्म, ज्याच्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला मागितला जातो. मुक्त विद्यालयाच्या परीक्षा. आणि अलीगढ, जामिया मिलिया किंवा हैदराबादचे मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ यांनी काही मदरशांच्या पदव्यांना दिलेली मान्यता. या वाटा आहेत, पण अरुंद आहेत, आणि त्या मुख्यतः भाषा व मानव्यविद्यांकडे नेतात.

म्हणून असे म्हणावे लागते की, पालकाच्या हातून होणारा खरा निर्णय एक नसून दोन आहेत, आणि पहिल्यापेक्षा दुसरा अधिक गंभीर आहे. सातव्या वर्षीचा निर्णय भरून काढता येतो. अकराव्या वर्षीचा निर्णय बहुधा भरून येत नाही. दुर्दैवाने घरात विचार होतो तो पहिल्याचा. मुलाला प्रथम नेऊन सोडताना आई रडते, बाप चार माणसांना विचारतो. दुसरा निर्णय मात्र आपोआप घडतो. हिफ्ज पूर्ण झाल्याचा समारंभ होतो, दस्तारबंदी होते, आणि त्याच आनंदात मूल पुढच्या वर्गात जाते. शासन, सुधारक आणि मदरशांचे चालक या तिघांनाही हस्तक्षेप करावयाचा असेल तर त्याची जागा हीच आहे. हिफ्जच्या काळात दररोज एक-दोन तास गणित आणि मराठी, मुलाचे नाव नजीकच्या शाळेच्या पटावर कायम ठेवणे, आणि दस्तारबंदीनंतर पुढील दिशेविषयी पालकांशी व स्वतः त्या मुलाशी विचारविनिमय, एवढ्या तीन गोष्टींनी श्रद्धेला धक्का न लावता वाट मोकळी राहते. अकरा वर्षांच्या मुलाला आपली आवड सांगता येते. ती विचारली मात्र पाहिजे.

मुलींच्या बाबतीत हाच विचार थोड्या निराळ्या रीतीने लागू पडतो. धुळ्याच्या शेजारी मालेगावात जामिअतुस् सालिहातसारखी मुलींची निवासी संस्था आहे, आणि खानदेशातील पुष्कळ घरांपुढे पर्याय असतात ते मदरसा की विद्यालय असे नसून मदरसा की घर असे. सातवीनंतर जिचे शिक्षण थांबणारच होते, तिला आलिमा होण्याने ग्रंथ, मैत्रिणी आणि शिकविण्याचा व्यवसाय मिळू शकतो. अशा मुलीच्या संदर्भात मदरशाने वाट बंद केली असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती वाट आधीच दुसऱ्या कोणी बंद केलेली होती.

ही कसोटी एकाच धर्मास लावणे हा पक्षपात ठरेल, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. आळंदीस १९१७ साली जोग महाराजांनी स्थापिलेल्या वारकरी शिक्षण संस्थेच्या परंपरेत, वैदिक पाठशाळांत, मठांत आणि बालदीक्षेच्या प्रथेत हाच प्रश्न उभा राहतो. खानदेशातून कीर्तन-प्रवचन शिकण्यास जाणारा बारा वर्षांचा मुलगा गावच्या शाळेचा दाखला बरोबर नेतो काय, आणि मृदंगाच्या जोडीला त्याची दहावी होते काय, हे विचारण्याचा अधिकार समाजाला जितका आहे, तितकाच मदरशाविषयी विचारण्याचा आहे. त्याहून अधिक नाही आणि उणाही नाही. २०१२ च्या दुरुस्तीने मदरसा आणि वैदिक पाठशाळा यांना एका वाक्यात आणले आहे. समीक्षकाने आणि समाजानेही त्यांना एकाच मापाने मोजले, तर या प्रश्नातील बराचसा कडवटपणा नाहीसा होईल, आणि जळगाव-धुळ्याच्या मोहल्ल्यांतील पालकाला आपल्या मुलाच्या हिताविषयी आरोपीच्या भूमिकेतून न बोलता पालकाच्या भूमिकेतून बोलता येईल.